बॉनेटखालचा चिकटा: कोणतं डिग्रीझर, कुठे आणि किती

या वेळच्या पत्रांमध्ये जुन्या गाड्यांच्या इंजिन बेच्या, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनाच्या जागेच्या, सफाईबद्दलचे प्रश्न सर्वाधिक होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: १९६०च्या दशकातली गाडी नुकतीच घेतली आहे. बॉनेट उघडलं की ऑइल आणि धुळीचा जाड थर दिसतो. पाण्यात मिसळायचं, संत्र्याच्या वासाचं, रॉकेलसारखं आणि स्प्रे कॅनमधलं, अशी चार तऱ्हांची डिग्रीझर मिळतात. प्रत्येकावर ‘सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित’ असं छापलेलं आहे. नेमकं कोणतं घ्यावं?

त्या छापील वाक्यावर जाऊ नका. चिकटा सगळ्या गाड्यांत जवळपास सारखाच असतो. चिकट्याखाली काय आहे, ते मात्र गाडीगणिक बदलतं, आणि निवड त्यावरूनच करायची. तुमच्या गाडीत ओतीव लोखंडाचा ब्लॉक, उघडं ॲल्युमिनियम, जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर, पिवळसर मुलाम्याचे नटबोल्ट, नैसर्गिक रबर, सुती वेष्टनाच्या वायरी आणि बहुधा सेल्युलोज रंग, हे सगळं हातभर जागेत दाटीवाटीने बसवलेलं आहे. यातल्या प्रत्येकाला चालेल असं एकच रसायन नाही.

पाण्यात मिसळायचं डिग्रीझर बहुतेक वेळा अल्कलीयुक्त असतं. त्यात कॉस्टिक (तीव्र अल्कली) किंवा सिलिकेट, सर्फॅक्टंट (साबणासारखा घटक) आणि थोडं ग्लायकॉल ईथर असतं. ते स्वस्त पडतं आणि पेट घेत नाही, पण त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; ७ म्हणजे उदासीन, त्यावर अल्कली) १२-१३ च्या घरात असू शकतो. रॉकेलसारखं दिसणारं म्हणजे पेट्रोलियम सॉल्व्हंट (विद्रावक). त्यात इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळू देणारा घटक, असेल तर पाणी मारल्यावर दुधासारखं पांढरं होऊन ते वाहून जातं; नसेल तर तेलकट थर मागे राहतो. संत्र्याच्या वासाचं दोन प्रकारचं मिळतं. एकात खरोखरच लिमोनीन हे सॉल्व्हंट असतं. दुसरं म्हणजे निव्वळ वास मिसळलेली अल्कली. स्प्रे कॅनमधलं बहुधा ब्रेक क्लीनरच्या जातीचं असतं. त्याच्यासाठी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

बाटलीवरून हे कळत नाही, सेफ्टी डेटा शीटवरून, म्हणजे कंपनीच्या सुरक्षा माहितीपत्रकावरून कळतं. कंपन्या ती मागितल्यावर देतात आणि बहुतेक वेळा ती त्यांच्या संकेतस्थळावरही असते. तिसऱ्या विभागात घटक दिलेले असतात आणि नवव्यात पीएच व फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते). घटकांत सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, पीएच ११ च्या वर असला, तर ते डिग्रीझर फक्त ओतीव लोखंडासाठी आणि खाली पत्र्यावर साठलेल्या मळीसाठी. ‘पाणी जास्त घातलं की निर्धोक होतं’ हा समज खोटा आहे. तीव्र अल्कली दहापट पातळ केली तरी पीएच जेमतेम १ ने उतरतो, म्हणजे १३ चा १२ होतो.

आमचा सल्ला: दोन बाटल्या घ्या. एक इमल्सिफायर असलेलं सॉल्व्हंट डिग्रीझर, फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअसच्या वर असलेलं मिळालं तर उत्तम. दुसरं पाण्यात मिसळायचं, ७ ते ९ पीएचचं सौम्य क्लीनर. चार सिलिंडरच्या साध्या इंजिन बेला पहिलं लिटरभर आणि दुसऱ्याचं २०० मिली कॉन्सन्ट्रेट पुरेसं होतं. १ लिटर पाण्यात १०० मिली, या प्रमाणापासून सुरुवात करा.

पण दोन्ही बाटल्या उघडायच्या आधी कोरडं काम. जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून वर्तमानपत्रावर पाडा. इथे कंटाळा केला तर तोच थर विरघळवण्यात अख्खी बाटली संपते आणि काळा रेंदा फटीफटींत जाऊन बसतो. मग इंजिन हाताला कोमट लागेल एवढंच असताना, त्याहून गरम नको, सॉल्व्हंट ब्रशने लावा. फवारू नका. लावताना खालून वर जा. वरून सुरुवात केली की खालच्या कोरड्या मळावर ओघळ उतरतात आणि त्यांचे डाग शेवटपर्यंत दिसतात. धुताना मात्र वरून खाली. पाच मिनिटं मुरू द्या, ब्रश फिरवा, वाळायच्या आत धुवा किंवा ओल्या फडक्याने पुसा. एका वेळी दोन हातांत मावेल एवढाच भाग घ्या. शेवटी सौम्य क्लीनरने सॉल्व्हंटचा तेलकटपणा काढा. तो राहिला तर आठवडाभरात धूळ पुन्हा तिथेच बसते.

ब्रश २५ मिमीचा एक आणि १२ मिमीचा गोल एक असे दोन लागतील. ब्रशच्या केसांवरच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडे जात नाहीत. कडक अल्कली वापरायची वेळ आलीच तर नायलॉनचा ब्रश घ्या. जनावराच्या केसांचा ब्रश कॉस्टिकमध्ये मऊ पडून लिबलिबीत होतो. लिमोनीनवालं डिग्रीझर थर्माकोलच्या पेल्यात ओतू नका. पेल्याचा तळ पाहता पाहता विरघळतो आणि सगळं जमिनीवर.

प्रश्न: जोरदार डिग्रीझर मारून दहा मिनिटं ठेवलं. ॲल्युमिनियमचं रॉकर कव्हर राखाडी-काळं पडलं आणि कार्ब्युरेटरचा सोनेरी रंग उडाला. पूर्ववत करता येईल का?

कव्हर बऱ्याच अंशी येईल, कार्ब्युरेटर नाही.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच धातूला जपतो. हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकतो. अल्कली त्याला विरघळवते आणि मग खालच्या धातूला हात घालते. फेस नुसता साबणाचा नसतो, त्यात हायड्रोजनचे बुडबुडेही असतात. ओतीव ॲल्युमिनियमात मिसळलेलं सिलिकॉन आणि तांबं या झटापटीत विरघळत नाही. ते काळसर पूड होऊन पृष्ठभागावर राहतं. तुम्हाला दिसतंय ते हेच, त्यामुळे पुन्हा डिग्रीझर मारून ते जाणार नाही, आणखी काळं होईल.

आधी भरपूर पाण्याने धुवा. नंतर १ भाग पांढरं व्हिनेगर आणि १० भाग पाणी असं फडक्याने लावून दोन मिनिटांनी पुन्हा धुवा, म्हणजे भेगांत उरलेली अल्कली शमेल. हे पाणी उघड्या पोलादावर जाऊ देऊ नका, तासाभरात गंजाची पिवळट झाक धरते. तुमच्या इंजिनात मॅग्नेशियमचे भाग असतील तर व्हिनेगर अजिबात नको. फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. मॅग्नेशियमला अल्कली फारशी बाधत नाही, आम्ल मात्र खातं. शमवून झाल्यावर कव्हर खडबडीत ओतीव असेल तर राखाडी रंगाचं बारीक नायलॉन घासपॅड आणि साबणाचं पाणी. पॉलिश केलेलं असेल तर मेटल पॉलिश. पॅड एकाच दिशेने चालवा.

कार्ब्युरेटरचं दुखणं वेगळं आहे. पुष्कळ जुन्या कार्ब्युरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि त्यावरची सोनेरी छटा हा रंग नसून क्रोमेटचा रासायनिक थर असतो. पिवळसर नटबोल्टांवरही तोच. जस्तालाही अल्कली खाते, म्हणून तो थर मिनिटांत जातो. घासून किंवा पॉलिश करून तो परत येत नाही, पार्ट उघडून पुन्हा क्रोमेट करून घ्यावा लागतो. सोनेरी रंगाचा स्प्रे मारून झाकणारे आहेत, पण पेट्रोल सांडलं की तो रंग सुटतो आणि आधीपेक्षा वाईट दिसतो. इथून पुढे कार्ब्युरेटरला व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या सौम्य पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये) भिजवून पिळलेलं फडकं आणि कानकोरण्यासारख्या कापसाच्या काड्या, याहून अधिक काही लावू नका.

पितळ-तांब्याच्या रेडिएटरपासून अमोनिया असलेली क्लीनरही दूर ठेवा. अमोनियामुळे ताणाखालच्या पितळेला चिरा जातात.

प्रश्न: गॅरेजमध्ये सगळं रॉकेलनेच धुतात. मग महागडं डिग्रीझर कशाला? आणि पेट्रोल चालेल का?

पेट्रोल नाही, कधीच नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली आहे, म्हणजे कुठल्याही हवामानात त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत लांब जाते. ठिणगी दुसऱ्या खोलीतली असली तरी पुरते. शिवाय त्यात बेंझीन असतं, ते कातडीतूनही शरीरात जातं.

रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३८ अंशांच्या आसपास. ग्रीस ते छान विरघळवतं, यात वाद नाही. सुटे केलेले लोखंडी पार्ट पातेल्यात धुवायला आम्हीही रॉकेलच सुचवू. पण गाडीत बसलेल्या इंजिनाला तीन अडचणी. एक, कॉम्प्रेसरच्या गनने फवारलं की बारीक तुषार फ्लॅश पॉइंटच्या खालच्या तापमानालाही सहज पेटतात. दोन, ते पाण्याने निघत नाही. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) भोकातून क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागतो, फॅनबेल्टवर पडलं तर बेल्ट किंचाळतो. तीन, नैसर्गिक रबर फुगून मऊ होतं. काही जुन्या ब्रेक यंत्रणांतली सीलं नैसर्गिक रबराचीच आहेत आणि मास्टर सिलिंडर इंजिन बेमध्येच असतो. ब्रेक फ्लुइडच्या टाकीत खनिज तेलाचं थोडंसं मिश्रण झालं तरी सीलं फुगून ब्रेक अडकतात. म्हणून टाकीच्या आसपास सॉल्व्हंट न्यायचंच नाही, तिथे साबणाच्या पाण्याचं फडकं.

इमल्सिफायरवाल्या डिग्रीझरचे जास्तीचे पैसे दुसऱ्या अडचणीवरच्या उपायासाठी असतात.

प्रश्न: ब्रेक क्लीनर मारलं की क्षणात लख्ख होतं. पूर्ण इंजिन बे त्यानेच का करू नये?

कारण रंगही तितक्याच क्षणात उतरतो. ब्रेक क्लीनर उघड्या धातूसाठी आहे: गॅस्केट बसवण्याआधीची जागा, गळती शोधताना जोड कोरडा करायचा असेल तेव्हा. तेवढंच.

कॅन क्लोरीनयुक्त आहे का, हे अवश्य पाहा. घटकांत टेट्राक्लोरोएथिलीन किंवा मिथिलीन क्लोराइड असेल तर ते पेटत नाही, म्हणून लोकांना सुरक्षित वाटतं. पण तापलेल्या धातूवर किंवा वेल्डिंगच्या ठिणगीजवळ त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ज्या पार्टला वेल्डिंग करायचं आहे त्यावर हा कॅन नकोच. बिनक्लोरीनचा प्रकार हेप्टेन-ॲसिटोनसारखा असतो आणि पेट्रोलसारखाच भडकतो. पातळ नायट्राइलचे हातमोजे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटला मिनिटा-दोन मिनिटांत दाद देतात, तेव्हा ओले झाले की बदला.

प्रश्न: इंजिन बेमधला मूळ रंग, स्टिकर आणि कारखान्यातल्या खडूच्या खुणा तशाच ठेवायच्या आहेत. चिकटा काढायचा कसा?

आधी फोटो. प्रत्येक खुणेचा जवळून एक आणि लांबून एक, कारण काही खुणा कितीही जपलं तरी जातील. खडूची खूण पाण्याने जाते, मेणाच्या पेन्सिलीची सॉल्व्हंटने, त्यामुळे एकाच पद्धतीने दोन्ही वाचत नाहीत. आसपासचा मळ काढायचा आणि खुणेवर हात न्यायचा नाही, हाच मार्ग.

रंगाची परीक्षा बॅटरीच्या ट्रेखाली किंवा ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला करा. कापसाचा बोळा डिग्रीझरमध्ये भिजवून २ मिनिटं टेकवून ठेवा. बोळ्यावर रंग आला म्हणून लगेच घाबरू नका. जुना रंग उन्हा-उष्णतेने वरून मेलेला असतो आणि त्याची पूड नुसत्या पाण्यानेही निघते. खरी कसोटी नखाची: जागा टणक असेल तर चालेल, नख रुतलं किंवा बोट चिकटलं तर रंग विरघळतोय. सेल्युलोज आणि ॲक्रिलिक लॅकर थिनर, ॲसिटोन अशा जोरकस सॉल्व्हंटमध्ये कितीही वर्षांनी विरघळतात. भट्टीत भाजलेलं एनॅमल तसं विरघळत नाही. व्हाइट स्पिरिट यातल्या बहुतेकांना सोसतं, पण परीक्षा टाळू नका.

कागदी आणि धातूच्या पातळ पत्र्याचे स्टिकर किचनमधल्या पारदर्शक फिल्मने झाकून कडेने मास्किंग टेप लावा. टेप रंगावर, स्टिकरवर नाही. स्टिकर स्वतः पुसायचा तर शाम्पूच्या अगदी पातळ पाण्यात जेमतेम ओलावलेली कापसाची काडी, मधून कडेकडे. अल्कोहोल आणि लिमोनीन दोन्ही शाई उचलतात.

आणखी एक: पत्र्यावर सगळीकडे सारख्या जाडीचा, मधासारखा पिवळट थर असेल तर तो मळ नसून कारखान्यातून मारलेलं संरक्षक मेण असू शकतं. ते उतरवलं तर त्याच दिवशी नवं मेण लावायची तयारी ठेवा.

प्रश्न: इंजिन धुतलं आणि गाडी सुरूच होईना. प्रेशर वॉशर वापरला होता. काय बिघडलं असेल?

बहुधा बिघडलं काही नाही, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपच्या आत पाणी गेलं आहे. क्लिपा सोडून कॅप काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा, रोटर आणि पॉइंटसुद्धा. कॅपच्या आत एका खुंटीपासून दुसरीकडे जाणारी केसासारखी काळी रेघ दिसली तर ओल्यात क्रँक मारत राहिल्याने स्पार्कने वाट पाडली आहे. अशी कॅप बदलावीच लागते. मग प्लगचे खड्डे पाहा. काही इंजिनांत तिथे चमचाभर पाणी सहज साठतं. प्लग खोलायच्या आधी ते हवेने उडवा किंवा कापडाने टिपा, नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये जाईल. एवढ्यानेही सुरू झाली नाही तर कॉइलचं तोंड आणि हाय-टेन्शन वायरींची टोकं.

पुढच्या वेळी प्रेशर वॉशर नको. बागेच्या पाइपची सौम्य धार किंवा हातपंपाची फवारणी पुरते. धुण्याआधी बॅटरी सोडा, आणि इथे एक मेख आहे: ‘निगेटिव्ह आधी काढा’ हा नियम आंधळेपणाने लावू नका. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकांत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॉडीला जोडलेली वायर कोणती ते पाहा आणि ती आधी सोडा.

डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो, व्होल्टेज रेग्युलेटर, फ्यूज बॉक्स, कार्ब्युरेटरचं तोंड, ब्रीदर, डिपस्टिकची नळी आणि ब्रेक टाकीचं झाकण झाका. डायनॅमोला दोन्ही टोकांना उघड्या खिडक्या असतात, त्यातून डिग्रीझर गेलं तर आतल्या कम्युटेटरवर (वीज बाहेर देणाऱ्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर) रेंदा बसतो. ॲल्युमिनियम फॉइल आकार छान धरते, पण वीज वाहते, म्हणून बॅटरी सोडल्यावरच लावायची. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुणं संपताच काढा, आत दमटपणा धरतो. आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी मारू नका. ओतीव लोखंड तडकतं.

प्रश्न: एक्झॉस्टजवळ भाजून काळाकुट्ट झालेला थर कशानेच निघत नाही.

तो आता ग्रीस राहिलेला नाही, कोळसा आणि राळ झाला आहे. डिग्रीझर त्यात मुरत नाही. खाली ओतीव लोखंडच असेल तर हीच कडक अल्कलीची जागा: फडकं भिजवून वर ठेवा, त्यावर प्लॅस्टिक, २० मिनिटं, मग पितळी तारेचा ब्रश. दोन-तीनदा करावं लागेल. गॉगल लावल्याशिवाय नाही, कारण अल्कली डोळ्यात गेली तर कमीत कमी १५ मिनिटं पाण्याने धुवत राहून थेट डॉक्टर गाठावा लागतो.

एक अपवाद गंभीर आहे. एक्झॉस्टची गुंडाळी, उष्णतारोधक पत्र्यामागचा पांढरट-करडा गठ्ठा, जुनी गॅस्केटं यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथे कोरडा ब्रश किंवा हवेची गन चालवू नका. शंका असेल तर हात न लावता जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न: सुती वेष्टनाच्या वायरी आणि जुने होज कसे पुसावेत?

वायरींवर काहीही ओतू नका. सुताचा विणलेला वेढा वातीसारखा तेल आत ओढतो. पाणी घट्ट पिळलेल्या फडक्यावर शाम्पूचा थेंब, एका हाताने वायर सरळ धरून दुसऱ्याने लांबीच्या दिशेने पुसणं, बस. वाकवू नका, आतलं रबर कडक झालेलं असेल तर तिथल्या तिथे चिरतं. होजला साबणाचं पाणी. पुसल्यावरही होज बोटाला चिकट लागत असेल तर तो मळ नाही, रबर तेलाने कुजलं आहे. बदला.

प्रश्न: धुतलेलं काळं पाणी कुठे टाकायचं? आणि सफाईनंतर चार ठिकाणी ऑइल गळायला लागलं, हे डिग्रीझरमुळे का?

गटारात नाही. साध्या रॉकेलमधला गाळ दोन दिवस डब्यात ठेवला की तळाला बसतो आणि वरचं निवळ पुन्हा वापरता येतं. इमल्सिफायर घातलेलं पाणी मात्र महिनाभर ठेवलं तरी दूधच राहतं, तेल वेगळं होत नाही. सांडपाण्यातलं तेल अडवणारे सापळेही त्यापुढे निकामी ठरतात. म्हणूनच धुण्यापेक्षा पुसण्यावर भर द्या. गाडीखाली ट्रे ठेवा, सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, आणि हे सगळं वापरलेलं इंजिन ऑइल जिथे देता तिथेच द्या. ओले बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर.

गळती डिग्रीझरने सुरू केलेली नाही, ती आधीपासूनच होती. मळीने भोकं बुजली होती. कोणत्या जोडातून येतंय ते आता कळेल. संशयित जोड कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन १५ मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन पाहा. पावडरवर पहिली काळी रेघ जिथून निघते ती गळतीची जागा. फॅनची हवा तेल मागे ढकलते आणि वजन खाली, त्यामुळे सर्वांत ओली जागा दिसेल तिच्या पुढे आणि वर शोधा. रॉकर कव्हरचं गॅस्केट आधी तपासा. पुष्कळदा नट समान घट्ट केले की काम भागतं, पण पाना जोरात फिरवला तर पत्र्याचं कव्हर वाकून गळती वाढते.